खंजिरी, खराटा आणि हजेरी

सतरंजी झटकून अंथरली जाते. तिच्या एका टोकाला चौरंग, त्यावर धुतलेली पांढरी चादर, मागे लोड. समोर दिवा लागतो, उदबत्ती लागते. त्या आसनावर कोणी बसत नाही आणि तिथं मूर्तीही नसते. गुरुदेव सेवा मंडळाची माणसं या रिकाम्या आसनाला ‘अधिष्ठान’ म्हणतात. ज्याचा जो देव असेल, तो त्यानं तिथं बसलेला मानावा. मग माणसं रांगांत बसतात, पाठ ताठ, हात जोडलेले, आणि सामुदायिक प्रार्थना सुरू होते. वणीपासून उमरखेडपर्यंत यवतमाळ जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत दिवेलागणीला हे दृश्य दिसतं. कुठे पन्नास माणसं असतात, कुठे सहाच. सहा असली तरी रांग सरळ असते.

ज्या दिवंगत सेवकांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला भरते, त्यांची अर्धी आयुष्यं या सतरंजीवर गेली. त्यांच्यात दानशूर म्हणून गाजलेला कोणी नव्हता. दोन-चार एकर कोरडवाहू वावर, नाहीतर मास्तरकी, नाहीतर शिवणयंत्र, एवढाच त्यांचा ऐवज. तरी गावात मयत झाली की सरणाची लाकडं जमवायला आधी तेच पोचायचे. जत्रा उठली की मैदान तेच झाडायचे. पंगतीत वाढायला तेच, आणि पंगत उठल्यावर पत्रावळी उचलायलाही तेच. यातलं काहीच पैशात मोजता येत नाही, म्हणून देणगीदारांच्या फलकावर त्यांची नावं कधी चढली नाहीत. या व्याख्यानाचा विषय तेच दान आहे: एका नेमात बांधलेल्या माणसांनी मिळून दिलेला वेळ आणि घाम.

अशा बंधुमंडळांचा इतिहास जगात जुना आहे. इंग्रजीत त्यांना ‘लॉज’ म्हणतात. आपल्याकडे लॉज म्हटलं की बसस्थानकासमोरची मुक्कामाची खोली डोळ्यांपुढे येते. मूळचा लॉज म्हणजे मोठमोठी चर्च बांधणाऱ्या पाथरवटांची कामावरची झोपडी. हत्यारं तिथं ठेवायची, भाकरतुकडा तिथं खायचा, कामाचे नियम तिथंच ठरवायचे. पुढे पाथरवट नसलेले लोकही या मंडळांत येऊ लागले आणि फ्रीमेसन नावाची संघटना झाली. २४ जून १७१७ रोजी लंडनमधल्या चार लॉजची माणसं एका मद्यगृहात जमली आणि पहिलं ग्रँड लॉज स्थापन झालं, असं त्यांची परंपरा सांगते. ओळखीचा खुणेचा हस्तस्पर्श, शपथ, कमरेचा एप्रन, पदांची उतरंड यांच्याबद्दल लोकांना तीनशे वर्षं कुतूहल वाटत आलं आहे. मात्र आतला व्यवहार पाहिला तर त्यात गूढ फारसं सापडत नाही. सभासदांनी वर्गणी भरायची. त्या पेटीतून आजारी पडलेल्या बंधूला, बंधू गेला तर त्याच्या विधवेला, त्याच्या पोरक्या मुलांना मदत जायची. १७८८ मध्ये लंडनच्या फ्रीमेसननी अडचणीतल्या बंधूंच्या मुलींसाठी शाळा काढली. ऑडफेलोज नावाचं दुसरं बंधुमंडळ तर कष्टकऱ्यांत फोफावलं. १८१० मध्ये सुरू झालेल्या त्याच्या मँचेस्टर शाखेचं मुख्य काम दोनच गोष्टींचं होतं: कमावता माणूस आजारी पडला तर घरी पैसे पोचवायचे आणि तो गेला तर मयतीचा खर्च उचलायचा. सरकारी विमा नावाची गोष्ट तेव्हा जन्मालाही आली नव्हती.

हे वारं आपल्याकडेही आलं. लष्कर, बंदरं आणि कचेऱ्या यांच्या मागोमाग लॉज आले, आणि बराच काळ ते फक्त गोऱ्यांचे होते. माणकजी करसेटजी या मुंबईच्या पारशी गृहस्थांना इथल्या गोऱ्यांच्या लॉजनं दार उघडलं नाही. शेवटी पॅरिसच्या लॉजनं त्यांना दीक्षा दिली. १८४३ मध्ये डॉ. जेम्स बर्न्स या स्कॉटिश डॉक्टरनं मुंबईत ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हा लॉज मुद्दाम भारतीयांसाठी काढला. पारशी, मुसलमान आणि ख्रिस्ती एका खोलीत भाऊ म्हणून बसले, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. १८८४ मध्ये कलकत्त्याच्या एका लॉजमध्ये नरेंद्रनाथ दत्त नावाचा विशीतला तरुण दाखल झाल्याची नोंद आहे. जग त्याला पुढे स्वामी विवेकानंद म्हणून ओळखू लागलं. २४ नोव्हेंबर १९६१ रोजी भारताचं स्वतंत्र ग्रँड लॉज स्थापन झालं आणि त्याची धर्मादाय कामं आजही चालू आहेत.

या परंपरेत घेण्यासारखं पुष्कळ आहे. पण तिची एक मर्यादा पहिल्यापासूनची आहे. लॉजचं दार आतून बंद होतं. पुरुषांनीच यायचं, कोणीतरी नाव सुचवायचं, मतदान व्हायचं, मग प्रवेश. मदतीचा पहिला हक्क आतल्यांचा. यवतमाळसारख्या जिल्ह्याला या दारानं काय दिलं असतं? इथं ज्याला मदत लागते त्याचं नाव सुचवणारा कोणी नसतो, हीच तर त्याची अडचण.

सेवेच्या क्लबांनी हे दार थोडं किलकिलं केलं. १९०५ मध्ये शिकागोत पॉल हॅरिस आणि त्यांच्या तीन मित्रांनी रोटरी सुरू केली, आणि दोनच वर्षांनी या क्लबनं हाती घेतलेलं लोकोपयोगी काम कोणतं, तर शहरात सार्वजनिक स्वच्छतागृह उभारण्याची मोहीम. सुटाबुटातल्या व्यापाऱ्यांनी पहिल्यांदा शौचालयासाठी धडपडावं, हे गुरुदेव सेवा मंडळाच्या माणसांना फार आवडलं असतं. रोटरीची दुसरी गोष्ट इथं जास्त कामाची आहे. आठवड्याच्या बैठकीला हजर राहण्याचा नियम तिनं अनेक वर्षं फार कडक पाळला. लागोपाठ चार बैठका चुकवल्या की सभासदत्व धोक्यात. बाहेरच्याला हा अतिरेक वाटे. पण पोलिओच्या लढ्यासारखं, दशकानुदशकं चालणारं काम ज्या संघटनेनं पेललं, तिला हजेरीचं मोल ठाऊक होतं.

आता गुरुदेव सेवा मंडळाच्या मोझरीकडे. अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत ३० एप्रिल १९०९ रोजी माणिक नावाचा मुलगा जन्मला. शाळेत फार रमला नाही, भजनात रमला. वरखेडच्या आडकोजी महाराजांना त्यानं गुरू मानलं. तो पुढे तुकडोजी महाराज झाला, आणि डॉ. राजेंद्रप्रसादांनी दिलेली ‘राष्ट्रसंत’ ही पदवी त्यांच्या नावाला कायमची चिकटली. १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला. १९३६ मध्ये गांधीजींनी त्यांना सेवाग्रामला बोलावलं, आणि तिथं त्यांची खंजिरी महिनाभर वाजली. १९४२ च्या चळवळीत आष्टी-चिमूर पेटलं, तेव्हा इंग्रज सरकारनं भजन गाणाऱ्या या माणसाला चंद्रपुरात अटक करून नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगांत ठेवलं. हातात मावणाऱ्या त्या वाद्याची सरकारला भीती वाटावी, इतकी माणसं त्याच्या आवाजावर जमत होती.

माणसं जमवणारे संत महाराष्ट्रात अनेक झाले. तुकडोजी महाराजांचं वेगळेपण असं की भजन संपल्यावर गर्दी पांगली तर काय उरेल, याचा विचार त्यांनी फार आधी केला. त्यातून गावोगाव गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा झाल्या. शाखेचा प्रमुख अध्यक्ष नसतो, तो ‘सेवाधिकारी’ असतो. तालुक्याला, जिल्ह्याला सेवाधिकारी. घरदार सोडून पूर्णवेळ हिंडणारे ते प्रचारक. भेटल्यावर ‘जय गुरु’. डोक्याला भगवी टोपी. पहाटे सामुदायिक ध्यान, सायंकाळी सामुदायिक प्रार्थना. फ्रीमेसनच्या लॉजमध्ये जे जे होतं ते जवळपास सगळं इथं आहे: खूण, पोशाख, पदं, नेम, भावकीपलीकडचं भाऊपण. फक्त दार नाही. प्रार्थना देवळाच्या ओट्यावर, शाळेच्या पटांगणात, चावडीपुढे होते. ज्याला यायचं त्यानं चपला काढून रांगेत बसायचं.

प्रार्थना हा या मंडळाचा देवधर्माचा भाग आणि ग्रामसफाई हा समाजसेवेचा, अशी वाटणी अनेक अभ्यासू माणसं करतात. मंडळात वावरलेल्याला ती पटत नाही. प्रार्थना ही हजेरी आहे. रोज सायंकाळी तीच माणसं त्याच सतरंजीवर बसतात, तेव्हा आज कोण आलं नाही हे न विचारता कळतं. नामदेवबुवा दोन दिवस दिसले नाहीत तर तिसऱ्या दिवशी उठताउठता कोणीतरी म्हणतं, “बुवा कसे नाही आले? जाऊन पाहा बरं.” दोघं जातात. बुवांना ताप भरलेला असतो, किंवा बैल दगावलेला असतो, किंवा पोरगं मुंबईला निघून गेलेलं असतं. गावात दुःखाची खबर लागायला याहून बारीक जाळी नाही. सरकारी सर्वेक्षण पाच-दहा वर्षांनी येतं. ही पाहणी रोज होते.

हे कळलं की मंडळाच्या बाकीच्या कामांचा उलगडा होतो. रामधून काढायची तर आदल्या दिवशी रस्ता झाडायचा. पहाटे अंधारात तुरीच्या काड्यांचे खराटे, पावडी, घमेली घेऊन माणसं निघतात. नालीतला गाळ उपसला जातो, उकिरड्याची कड सरळ होते. उजाडता उजाडता आयाबाया दारात सडा घालतात, रांगोळी काढतात, आणि मग खंजिरीच्या तालावर धून गल्लीगल्लीतून फिरते. ज्यानं नाली उपसली त्याच्याच हातात अर्ध्या तासानं टाळ असतो. हात धुतलेले असतात, पण पायावर चिखल असतो. अशा माणसाला गल्लीतली म्हातारी पाणी विचारते आणि पाण्याबरोबर घरातली अडचणही सांगते.

१९५५ मध्ये आलेल्या तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेच्या ४१ अध्यायांत ग्रामशुद्धी, श्रमसंपत्ती, सामुदायिक प्रार्थना हे सगळं एकाच पंगतीला बसवलेलं आहे. श्रमाला संपत्ती म्हणणं हा शब्दांचा खेळ नव्हता. कोरडवाहू विदर्भातल्या माणसाजवळ देण्यासारखं काय आहे याचा तो रोखठोक हिशेब होता. त्याच विदर्भानं गाडगेबाबाही दिले. शेंडगावचे, १८७६ चा जन्म. ते पैसा जमवत, पण स्वतःजवळ एक दमडी ठेवत नसत. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेच्या हवाली केली. गाडगेबाबांनी मात्र मागे शिष्य, मठ, संप्रदाय ठेवायला ठाम नकार दिला. तुकडोजी महाराजांनी शाखा बांधल्या. दोन्ही वाटा थोर आहेत, पण गावात रोज सायंकाळी कोण जमतं हा प्रश्न विचारला तर दुसऱ्या वाटेचं उत्तर अजून सतरंजीवर बसलेलं सापडतं.

मंडळाची सेवा गावाच्या वेशीपाशी थांबली असंही नाही. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीला रामचंद्र रेड्डींनी १०० एकर देऊ केले आणि भूदानाची चळवळ उभी राहिली, तेव्हा तुकडोजी महाराजांनी विनोबांच्या कामाला आपली खंजिरी दिली. भजन ऐकायला आलेला शेतकरी सातबाऱ्यातला तुकडा देऊन घरी जायचा. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेला भूकंप झाला, तेव्हा महाराज तिथल्या लोकांच्या मदतीला धावले. पुढच्याच वर्षी, ११ ऑक्टोबर १९६८ ला ते गेले.

यानंतरची गोष्ट यवतमाळची आहे आणि ती जड आहे.

महागाव तालुक्यातलं चिलगव्हाण. तिथले साहेबराव करपे जाणते शेतकरी होते, गावचं सरपंचपद त्यांनी सांभाळलं होतं, गाण्याची त्यांना जाण होती. १९ मार्च १९८६ रोजी पवनारजवळच्या दत्तपूर इथं पत्नी आणि चार मुलांसह त्यांनी जीवन संपवलं. दत्तपूरची जागा ही १९३६ मध्ये मनोहर दिवाणांनी उभ्या केलेल्या कुष्ठसेवेची. ज्यांना कोणी जवळ घेत नव्हतं त्यांना जवळ घेणाऱ्या जागेत एक अख्खं कुटुंब आलं आणि त्याच्या मनात काय आहे हे कोणाला कळलं नाही. २०१७ पासून अमर हबीब आणि किसानपुत्र आंदोलनाच्या हाकेनं दरवर्षी १९ मार्चला गावोगावचे, शहरांतले लोक एक दिवसाचा अन्नत्याग करतात. त्यांना कायदे बदलायला हवे आहेत, आणि ते खरंच आहे: सेवेनं कापसाचा भाव वाढत नाही, सिंचन येत नाही. सेवेला धोरणाची जागा घेता येत नाही, हे सेवेवर प्रेम असलेल्या माणसानं आधी कबूल करायला हवं.

धोरणही आलं, पैसाही आला. २००६ च्या जुलैमध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्याच वर्षापासून शेतकऱ्याची आत्महत्या झालेल्या कुटुंबाला द्यायच्या एक लाखाच्या मदतीची नवी रीत बसली: ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत. मात्र त्यासाठी प्रकरण ‘पात्र’ ठरायला हवं. कुटुंबाच्या नावावर जमीन हवी, कर्ज बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं, वसुलीचा तगादा दिसायला हवा. उसनवारी कृषी केंद्राची असली, की फाइलवर ‘अपात्र’. जिल्ह्यातल्या बायका आता हा शब्द इंग्रजी शब्दासारखा, अर्थ न उलगडता वापरतात: “आमचं अपात्र झालं.” नवरा गेला, त्याचं दुःखही कागदावर नापास झालं.

दानाचंही असंच होतं. मारेगाव तालुक्यातल्या जळका गावच्या कलावती बांदूरकर यांचं नाव २००८ मध्ये राहुल गांधींच्या भाषणातून संसदेत पोचलं. त्यांच्या घरी कॅमेरे आले, पुढारी आले, आणि सुलभ इंटरनॅशनलनं त्यांच्यासाठी मोठी ठेव ठेवली. त्या बाईला मिळालं ते योग्यच मिळालं. पण तिच्या आजूबाजूला, त्याच मातीत, त्याच वर्षांत विधवा झालेल्या बायकांची नावं कोणाच्या भाषणात आली नाहीत. २०१५ मध्ये नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांनी ‘नाम’ उभं केलं, तेव्हा पुण्या-मुंबईचा, परदेशातला मराठी माणूस मनापासून देता झाला. त्याच वर्षी सरकारनं यवतमाळ आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत बळीराजा चेतना अभियान सुरू केलं. या पैशानं अनेक घरांत त्या वर्षीची पेरणी झाली, पोरीबाळींच्या शाळा सुटल्या नाहीत. त्याला उणं लेखणं हा कृतघ्नपणा होईल. पण धनादेश वाटून गाडी परत जाते. त्या रात्री त्या घरात दिवा कोण लावतो?

याचं उत्तर यवतमाळनंच साऱ्या महाराष्ट्राला ऐकवलं आहे. २०१९ च्या जानेवारीत इथं ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. उद्घाटक नयनतारा सहगल यांचं निमंत्रण रद्द झालं, देशभर वादळ उठलं. शेवटी ११ जानेवारीला अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखालच्या त्या संमेलनाचं उद्घाटन कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी केलं. शेतकरी नवरा गेलेला, पदरी मुलं, अंगणवाडीत मदतनिसाचं काम. श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी बसवलेल्या ‘तेरवं’ या नाटकात त्या आपल्यासारख्याच बायकांबरोबर उभ्या राहिल्या होत्या. साहित्याच्या त्या मोठ्या मांडवात त्यांनी सांगितलं की अडचणीला धावून येते ती दिल्लीतली बाई नव्हे, गल्लीतली. टाळ्या झाल्या, वर्तमानपत्रांत मथळे आले. पण ते वाक्य टाळीचं नव्हतं. त्यात दानाबद्दल आजवर पुस्तकांत लिहिलं गेलं त्याहून जास्त आहे. दाता किती देतो यापेक्षा तो किती अंतरावर राहतो हे मोलाचं, असं त्या सांगत होत्या.

गुरुदेव सेवक तेवढ्या अंतरावर राहतो. हाकेच्या.

‘तेरवं’ हा शब्दच घ्यावा. तेरवी म्हणजे तेरावा दिवस. विदर्भात कर्ज काढून तेरवी घालायची रीत खोल रुजलेली आहे. गेलेल्या माणसाच्या डोक्यावर कर्ज होतं, आणि त्याच्या नावानं गावजेवण घालून बायको आणखी एक कर्ज उचलते. ग्रामगीतेत अंत्यसंस्कारावर स्वतंत्र अध्याय आहे तो याच दुखण्यावर. मंडळाची वळणाची पद्धत अशी: अंत्ययात्रेत भजन, मग घरी किंवा स्मशानात सामुदायिक प्रार्थना, दोन शब्द, आणि संपलं. पंगत नाही. हे ऐकायला सोपं वाटतं. पण गावात पहिल्यांदा तेरवी मोडणाऱ्या घराला भावकी काय बोलते हे ज्यानं ऐकलं आहे त्याला ठाऊक असतं, की त्या घराच्या ओट्यावर त्या दिवशी वीस भगव्या टोप्या येऊन बसणं म्हणजे काय आधार असतो. मँचेस्टरच्या ऑडफेलोजनी मयतीचा खर्च पेटीतून दिला. आपल्या माणसांजवळ पेटी नव्हती. त्यांनी खर्चच होऊ दिला नाही. बोलणी स्वतःच्या अंगावर घेऊन त्यांनी त्या बाईचे पंचवीस-तीस हजार वाचवले. ही देणगी नव्हे, असं कोणी म्हणावं?

पण तेरवीनंतर चौदावा दिवस उगवतो. अडचण खरी तिथून सुरू होते. जूनमध्ये पाऊस पडला की सगळ्यांची वावरं एकदम वापशाला येतात. ज्या घरात पेरणारा गेला तिथं तिफण कोण धरणार? जुन्या काळी याला उत्तर होतं, इर्जिक. दहा-बारा बैलजोड्या एकाच वावरात उतरायच्या आणि दिवस मावळायच्या आत नांगरट-पेरणी उरकायची. मालकीण जेवण घालायची, बाकी देणंघेणं नाही. बैल गेले, ट्रॅक्टर तासावर आला, इर्जिक मोडली. ती अगदी मेली मात्र नाही. २०१७ मध्ये पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत जिल्ह्यातल्या गावांनी ८ एप्रिल ते २२ मे असे ४५ दिवस यवतमाळच्या उन्हात चर खोदले, तेव्हा मजुरीशिवाय कुदळ उचलायची सवय अंगात अजून शिल्लक आहे हे दिसलं. ज्या गावात पहाटे सफाईला निघणारी चार माणसं आधीपासून होती, तिथं श्रमदानाला पाचवा, पन्नासावा माणूस लवकर मिळाला असेल. अनोळखी कामाला लोक निघत नाहीत. ओळखीच्या माणसामागे निघतात.

मंडळाबद्दल एवढं प्रेमानं बोलताना त्याचं दुखणं लपवणं योग्य नाही. सतरंजीवरची डोकी पांढरी झाली आहेत. कित्येक गावांत वर्षाचा पुण्यतिथी सोहळा थाटात होतो, मांडव मोठा पडतो, गोपाळकाल्याला हजारो जेवतात, आणि रोजच्या प्रार्थनेला मात्र दिवा लावणारा एकटाच असतो. म्हणजे उत्सव राहिला, हजेरी गेली. काही ठिकाणी भगवी टोपी निवडणुकीच्या मांडवात दिसते, आणि त्या गावात दुसऱ्या गटाचा माणूस सतरंजीवर यायचा थांबतो. रिकाम्या आसनाचा अर्थ कळलेल्या माणसानं हे होऊ देऊ नये. महिला शाखा पुष्कळ आहेत, त्या मनापासून काम करतात, पण निर्णयाला बसताना अजून पुरुषच पुढे असतात. ज्या जिल्ह्यात मदतीची गरज सर्वांत जास्त विधवा बाईला आहे, तिथं तिच्या घरात शिरून तिच्याजवळ बसू शकेल अशी सेवाधिकारी बाईच असायला हवी. फ्रीमेसनच्या लॉजनं बायकांना बाहेर ठेवून स्वतःचंच नुकसान केलं. आपल्याला त्याच वाटेनं जायचं कारण नाही.

आणि सेवेचं रूपही बदलायला हवं आहे. गावच्या नाल्या आता ग्रामपंचायतीचा निधी उपसतो. २००० साली सरकारनं गाडगेबाबांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं, तेव्हा खराट्याला सरकारमान्यता मिळाली. आज घाण साचते ती तहसीलच्या टेबलावर. वारसाचा फेरफार, शिधापत्रिकेतलं नाव, निराधार योजनेचा अर्ज, पीकविम्याची तक्रार, मुलाच्या वसतिगृहाचा दाखला. एकेका कागदासाठी मजुरी बुडवून तीन-तीन खेपा. ‘अपात्र’ शिक्का बसलेल्या बाईला भाषण नको असतं, बरोबर येणारा माणूस हवा असतो, जो खिडकीपाशी तिच्या शेजारी उभा राहील आणि “साहेब, नाही म्हणता तर तसं लिहून द्या” एवढं शांतपणे म्हणेल. २०१७ च्या कापूस हंगामात फवारणीतून विषबाधा झाली, जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं गेली, शेकडो रुग्णालयात पोचली. तेव्हा खाटेशेजारी बसलेल्या नातेवाइकांना सर्वांत आधी लागला तो असाच माणूस. डॉक्टर काय म्हणाले ते समजावणारा, रात्री थोडा वेळ रुग्णाजवळ बसून बाईला झोपू देणारा. निवृत्त शिक्षक, निवृत्त तलाठी, बँकेतून निवृत्त झालेला कारकून आज प्रत्येक मोठ्या गावात आहेत. खराटा धरायला त्यांची कंबर वाकत नसेल, पण अर्ज त्यांना लिहिता येतो. आठवड्यातला एक दिवस त्यांनी दिला तर मंडळाला दुसरं तारुण्य येईल, असं वाटतं.

दरवर्षी आश्विन वद्य पंचमीच्या सुमाराला यवतमाळ जिल्ह्यातून मोझरीकडे गाड्या निघतात. कोणी एसटीनं, कोणी टेम्पोत सतरंज्या टाकून, काही गावांच्या पालख्या पायी. गुरुकुंजात लाखांनी माणूस जमतो. दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी, महाराजांनी देह ठेवला त्या क्षणी, मौन श्रद्धांजली असते. एवढ्या अफाट गर्दीतला बोलण्याचा, लेकरांना हाका मारण्याचा आवाज एकदम थांबतो. उभी माणसं उभीच राहतात. जवळ कुठे लहान मूल रडत असलं तर तेवढंच ऐकू येतं.

मग प्रार्थना होते, आणि लगेच पांगापांग सुरू होते, कारण दिवस सोयाबीनच्या सोंगणीचे असतात आणि कपाशीला पहिली वेचणी लागलेली असते. आपापल्या गावचे सेवाधिकारी गाडीपाशी उभे राहून माणसं मोजतात. बेचाळीस आले होते, एक्केचाळीस दिसतात. गाडी थांबवून दोघं पुन्हा आत जातात. म्हातारी पाण्याच्या टाकीजवळ बसलेली असते, चप्पल हरवलेली. तिला हाताला धरून आणतात, पुढच्या बाकावर जागा करून देतात, आणि गाडी यवतमाळच्या रस्त्याला लागते.